पोशा नाखव्याचा दोर

पोशा नाखव्याने मला एकदाही 'मॅडम' म्हटलं नाही. सोसायटीचा वॉचमन म्हणतो, भाजीवाला म्हणतो, ज्या बँकेतून मी रिटायर झाले तिथला शिपाई अजूनही फोनवर म्हणतो. नाखवा पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणाला आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर खेकसला. मी जुन्या बंदराच्या कठड्यावर खाडीकडे पाठ करून बसले होते.

"बाय, पान्याला पाठ दाखवून बसू नका."

"का, रागावतं का पाणी?"

"पानी कशाला रागावंल. येतं कवा ते दिसत नाय."

मी वळून बसले. पाणी चांगलं वीतभर वर आलेलं होतं आणि माझी चप्पल त्यात तरंगत होती. त्याने ती काठीने ओढून दिली आणि पुढे काही बोलला नाही. उपकार करून वर गप्प राहणारी माणसं मला भयंकर वाटतात.

आम्ही सीवूड्सला राहायला आलो तेव्हा बंदर मरायला टेकलं होतं. सातव्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरातून ते सगळं दिसायचं. एके काळी तिथे रेतीचे पडाव लागायचे. पडाव म्हणजे माल वाहायची जाडजूड मोठी होडी. साताऱ्याकडची माणसं घमेल्यांनी रेती उतरवायची, ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत जायची, चहाच्या टपऱ्यांवर बसायला जागा नसायची. मग खाडीतली रेती काढायला बंदी आली. ट्रक गेले, घमेलीवाले गेले, टपऱ्या गेल्या. धक्क्याच्या दगडांतून कांदळवन वर आलं, आणि सोसायट्यांचं डेब्रिज रात्रीत कोण टाकून जातं हे कुणालाच माहीत नसायचं. उरला तो एक पडाव, 'हिरूबाय' नावाचा, चिखलात कलंडून बसलेला. आणि उरला नाखवा, त्या पडावावर खेकसणारा.

तो खरोखर पडावाशी बोलायचा. "पोट धरून बसलीस काय गं? हालत नायस ती." हिरूबाय हे त्याच्या आईचं नाव. आई जाऊन जमाना झाला होता, पण तिच्यावर ओरडायची हौस राहिली असावी. चट्ट्यापट्ट्याची लुंगी, खांद्यावर टॉवेल, आणि कानावर अर्धी विडी. ती मी कधी पेटलेली पाहिली नाही. माझ्यासाठी तो खाडीतली मासळी ठेवायचा, निवटे, काळंदर, कधी चिंबोऱ्या. पसंत करायची सोय नव्हती. त्याने जे ठेवलं ते न्यायचं. "बोईट नाही का आज?" म्हटलं की म्हणायचा, "तुमाला पायजे ते खाडीला कोनी सांगितला नाय, बाय."

दर वर्षी तो पडावाला डांबर लावायचा. जो पडाव कधी हलणार नाही त्याच्या बुडाला एवढं डांबर कशाला, हे कुणालाच कळत नव्हतं, पण वास मात्र आमच्या सगळ्या विंगला कळायचा. शेवटी सेक्रेटरींनी मला पाठवलं, कारण 'तुमची त्यांच्याशी ओळख आहे'. मासे घेणं म्हणजे ओळख. मी गेले, चाचरत सांगितलं. नाखव्याने डांबराचा डबा खाली ठेवला आणि आमच्या बिल्डिंगकडे वर मान करून बराच वेळ बघितलं.

"तुमच्या बिल्डिंगला गेल्या साली रंग मारला. तीन महिने धूळ खाल्ली आमी. आमी आलतो काय सांगायला?"

मी परत जाऊन सेक्रेटरींना सांगितलं की बोलणी चालू आहेत.

त्याचं खरं वेड मात्र वेगळंच होतं, आणि ते मला एका कुत्र्यामुळे समजलं. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधला एक तरुण सकाळी धावायला यायचा. एकदा त्याने आपलं लॅब्राडोर बंदरावरच्या लोखंडी खुंट्याला बांधलं आणि पार लांब निघून गेला. ऊन चढलं. कुत्रं जीव तोडून भुंकत होतं. मला राहवलं नाही, मी पट्टा सोडायला गेले, तर नाखव्याने हात आडवा घातला.

"जो बांदंल त्यानंच सोडायचा."

"अहो, तडफडतंय ते."

"तडफडू दे. सोडायचा नाय."

पण तो स्वतः टोपात पाणी घेऊन आला, टॉवेल ओला करून कुत्र्याच्या डोक्यावर टाकला, आणि त्याच्याशेजारी उन्हात बसून राहिला. मालक आला तोवर नाखव्याची मान घामाने निथळत होती. मग त्या बिचाऱ्याला जे ऐकून घ्यावं लागलं ते मी इथे लिहू शकत नाही.

नंतर मला त्याने सांगितलं. यंत्रं येण्याआधी रेती माणसं काढायची. डोल म्हणजे मोठी बादली घेऊन खाडीत बुडी मारायची, तळाची रेती भरायची, वर यायचं आणि होडीची कड धरायची. होडी कुणी बांधली, खाली कोण गेलंय, हे फक्त बांधणाऱ्याला ठाऊक असायचं. दुसऱ्याने दोर सोडला आणि होडी सरकली तर? "मानूस श्वास संपवून वर येतो, बाय. वर आला आन होडी नाय, तर त्यानं धरायचा काय?" असं एकदा झालं होतं म्हणे, त्याच्या आज्याच्या वेळी. तेव्हापासून बंदराचा एकच कायदा. जो बांधेल तोच सोडेल. बांधणारा आजारी पडला तर त्याला पाटीत घालून धक्क्यावर आणायचे, पण दुसरा कुणी गाठीला हात लावायचा नाही. लावला तर बुडालेला माणूस त्याच्या घरात येतो, असं नाखव्याच्या गावात म्हातारी माणसं शपथेवर सांगायची आणि तरुण माणसं हसत हसत पाळायची.

'हिरूबाय' ज्या खुंट्याला बांधली होती तो दोर नाखव्याच्या मनगटाएवढा जाड होता. त्याला पोत्याचं कापड गुंडाळलेलं, वरून डांबर पाजलेलं. गाठीवर नारळी पौर्णिमेला हळदकुंकू. हा दोर त्याच्या थोरल्या भावाने, जोमाने बांधला होता. सगळं गाव हे सांगायचं. बंदी आली त्या दिवशी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं. जोमाला पडाव भंगारात काढायचा होता, पोशाला नव्हता. जोमा तसाच उठून उरणला मुलीकडे गेला तो गेलाच. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

हे सगळं गावातलं आणि त्यांच्या घरातलं राहिलं असतं. पण बंदराचे दिवस पालटायचे ठरले.

एका सकाळी धक्क्यावर पत्रे ठोकले गेले आणि पत्र्यांवर चित्रं लागली. चित्रात काचेचं हॉटेल होतं, चालायला लाल रस्ता होता, पांढरी शुभ्र वॉटर टॅक्सी होती, हातात फुगा धरलेली मुलगी होती. डेब्रिज नव्हतं, कांदळवन नेमकं जेवढं शोभेल तेवढंच होतं. आमच्या सोसायटीत आनंदीआनंद झाला. फ्लॅटचे भाव वाढतील म्हणून पेढे वाटायचे बाकी होते. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

गावाचं म्हणणं एवढंच होतं की नव्या बंदरात आमच्या होड्या लावायला कोपरा द्या आणि बायकांना मासळी विकायला एक ओटा द्या. नवं बंदर बांधणाऱ्या कंपनीचा माणूस देवळातल्या बैठकीत म्हणाला, "हे बंदर वापरात नाही. वापरात नसलेल्या बंदरावर हक्क कसला?" नाखवा मागे भिंतीला टेकून बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "होडी बांदलेली हाय. होडी बांदलेली हाय तवर बंदर चालू हाय." आणि बसला.

त्या एका वाक्यावर सगळं अडलं. पडाव काढल्याशिवाय काम पुढे जाईना, आणि दोर सोडायला गावातलं कुणी तयार होईना. कंपनीने बाहेरून मजूर आणले तर गावच्या बायका खुंट्याभोवती मांडी घालून बसल्या. पोलीस आले, चहा पिऊन गेले. ओटा नकाशात घ्यायचा का यावर बोलणी सुरू झाली. ओटा नकाशात येईल की जाईल हे त्या दोराच्या गाठीवर ठरणार, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मग कंपनीच्या माणसाने डोकं लढवलं. तो गाडी घेऊन उरणला गेला आणि जोमालाच घेऊन आला.

मी तेव्हा तिथे होते, निवटे घ्यायला. गाडीतून एक उंच, वाकलेला म्हातारा उतरला. धक्क्यावरची माणसं बाजूला झाली. पोशा मासे साफ करत होता, त्याने मान वर केली नाही. जोमा खुंट्याजवळ गेला, पोत्याचं कापड बाजूला केलं आणि गाठीवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग त्याने भावाकडे बघितलं.

"काय, जोमादादा?" कंपनीचा माणूस गोड आवाजात म्हणाला. "तुमचाच ना दोर? सोडा आणि मोकळे व्हा. भंगाराचं बघू आपण."

"माजाच हाय," जोमा म्हणाला. "सोडनार नाय."

"अहो, पण तुम्हालाच तर विकायचा होता."

"व्हता. आता नाय." आणि तो गाडीत जाऊन बसला.

कुणी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पोशाने कोयत्याने माझा निवटा पार चेंदून टाकला. मला वाटलं, राग. भावाने इतकी बाजू घेतली तरी ह्याचा राग जात नाही म्हणजे कमाल आहे, असं मी घरी येऊन यजमानांना म्हटल्याचंही आठवतं.

त्या दिवाळीच्या आधी जोमा वारला. गावाच्या दृष्टीने दोर आता कायमचा बांधला गेला. बांधणाराच नाही, तर सोडणार कोण? कंपनी हतबल झाली. त्यांनी पडाव तसाच ठेवून काम चालू केलं. धक्का आणि पडाव यांच्यामध्ये वॉटर टॅक्सीसाठी लोखंडी तरंगता फलाट आणून ठेवला. पडावाचा ढिला दोर फलाटाच्या खालून गेला. ओट्याचं बोलणं मात्र पुढे सरकलं. नकाशात कोपऱ्यात एक चौकोन आला. बायका तो नकाशा मोबाईलवर एकमेकींना दाखवायच्या.

श्रावणातल्या एका मोठ्या उधाणाला आम्ही सोसायटीतली काही माणसं पाणी बघायला गेलो होतो. भर दुपार, वारा मोकाट. फलाटावर तीन वेल्डर कठडा बसवत होते, बिहारकडची पोरं. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं आणि चिखलात इतकी वर्षं रुतलेली 'हिरूबाय' सावकाश सरळ झाली. डांबराचं काय काम होतं ते त्या दिवशी कळलं. ती तरंगत होती. बायकांनी हात जोडले. मला स्वतःला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग ओहोटी लागली. पाणी खाडीबाहेर ओढायला लागलं, वाराही त्याच दिशेचा. पडाव बाहेर सरकला आणि फलाटाखालचा दोर ताणला. फलाटाची एक बाजू वर उचलली गेली. त्याला जोडलेला लोखंडी पूल निसटून पाण्यात गेला. वेल्डिंगचं मशीन घसरत गेलं आणि बुडालं. तिन्ही पोरं कठड्याला लटकली. खाली पाणी असं ओढत होतं की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही टिकाव लागला नसता, आणि त्यांतल्या एकालाही पोहता येत नव्हतं. एक जण तसं ओरडून सांगत होता.

कुणीतरी कुऱ्हाड आणली. साइटवर कदम नावाची साताऱ्याची तरुण इंजिनीअर होती, ती धावत आडवी आली. "कापू नका. एकदम सुटला तर फलाट आपटेल, पोरं खाली जातील. हळूहळू ढिला करायला लागेल. माणसं लावा दोराला."

गावची पाच-सहा दणकट माणसं तिथेच उभी होती. कुणी पुढे होईना. गावचे पंच नामाभाऊ ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले, "जोमादादाची गाठ हाय ती. मेलेल्या मानसाची." दोर करकरत होता. फलाट आणखी एक हात वर गेला. मी आयुष्यात इतकी घाबरले नाही. आणि मला त्या माणसांचा संताप आला, तोही आयुष्यात इतका आला नसेल.

नाखवा गर्दीतून पुढे आला. त्याने खुंट्याजवळ बसून हात पाण्यात धुतले. दोराला हात लावण्याआधी तो नेहमी धुवायचा.

"पोशा, तू तरी नको," नामाभाऊ म्हणाले. "देवी माफ करील, पन गाठ..."

"धरा मागून," नाखवा म्हणाला.

कुणी हललं नाही.

"धरा म्हनतो ना. गाठ दादाची नाय. माजी हाय. मी बांदलाय." त्याचा आवाज चढला नव्हता, पण वाऱ्यातही सगळ्यांना ऐकू गेला. "दादानं या दोराला हातसुद्दा लावलेला नाय. मी खोटा बोललो. धरा आता."

मग मात्र माणसं धावली. त्याने गाठ सोडली. डांबराने दगड झालेली ती गाठ त्याने बोटांनी, मग दातांनी सोडली. वेढे तसेच खुंट्यावर राहू दिले आणि एकेक वेढा सैल करत दोर सोडत गेला. मागे चौघं पाय रोवून उभे. "सोड. थांब. सोड. थांब." कदम फलाटाकडे बघून हाताने खुणा करत होती आणि नाखवा तिच्या हाताकडे बघत होता. फलाट इंच इंच खाली आला. पाण्याला टेकला, हलला, स्थिर झाला. पोरांना दुसऱ्या बाजूने होडीने काढलं. एक जण धक्क्यावर आला आणि पालथा पडून ओकला.

शेवटचा वेढा सुटला तेव्हा दोराचं टोक नाखव्याच्या तळहातांतून सरसर गेलं. 'हिरूबाय' खाडीच्या मध्यावर गेली, एकदा वळली आणि पलीकडच्या कांदळवनात जाऊन आपटली. तिथेच ती पुढच्या उधाणात फुटली.

ओटा नकाशातून गेला. बांधलेली होडी नाही म्हणजे वापर नाही, असं कंपनीचं पत्र आलं. तीन पोरं वाचली म्हणून पोशाला कुणी वाकडं बोललं नाही. पण गावात त्याला नाखवा म्हणायचं बंद झालं. नुसता 'पोशा'. ज्याच्या शब्दावर बायका उन्हात बसल्या, त्याचा शब्दच खोटा निघाला होता, आणि मेलेला जोमाही त्याच्यापायी खोटा ठरला होता. बायका आता हमरस्त्याच्या कडेला बसतात, ट्रॅफिकवाला आला की टोपल्या उचलतात. माझं मन त्यांच्या बाजूनेही होतं आणि त्याच्या बाजूनेही. दोन्ही एकदम करता येत नाही असं कोण म्हणतं?

काही दिवसांनी मी त्याला विचारलं. तो घराच्या पायरीवर बसला होता, तळहातांना हळद लावलेली.

"नाखवा, खोटं का बोललात तेव्हा?"

"आता नाखवा कशाचा, बाय." मग म्हणाला, "दादा भांडून गेला. मी संद्याकाळी पडाव बांदला. कोनी इचारला, कोनी बांदला? तोंडातून गेला, दादानं." कानावरची विडी काढून त्याने बघितली आणि परत ठेवली. "मनात म्हनलो, ज्यानं बांदला त्याला सोडायला यायलाच लागतं. दादाला यायला लागंल."

"आले होते की."

"आला. गाठ बगून समजला तो, कोनाची हाय ती. लहानपनी त्यानंच शिकवलेली मना, मी उलटा वेढा घ्यायचो म्हनून मारायचा. समजला तरी बोलला, माजी हाय." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "आला, आन मी त्याला च्या बी इचारला नाय."

मी तिथे बसून राहिले, आणि मग रडू आलं म्हणून उठून आले.

आम्ही खारघरला मुलाकडे राहायला जायचं ठरवलं त्याच सुमारास नवं बंदर सुरू झालं. उद्घाटनाला मी मुद्दाम गेले. आणि सांगते, जागा सुंदर झाली आहे. लाल रस्ता, दिवे, हॉटेलची काच, फुगा धरलेली मुलगीसुद्धा. जुना खुंटा त्यांनी पिवळ्या रंगाने रंगवून जागच्या जागी ठेवला होता, लोक त्याच्याजवळ फोटो काढत होते. पोशा गर्दीच्या कडेला, कठड्याला धरून उभा होता. धुतलेला सदरा, खांद्यावर तोच टॉवेल.

वॉटर टॅक्सी आली. बोटीवरच्या माणसाने दोर फेकला. धक्क्यावर युनिफॉर्ममधला मुलगा नवा होता, त्याच्या हातून दोर सुटला, आणि बोट वळायला लागली. पुढचं इतक्या झटक्यात झालं की पाहुण्यांना कळलंही नसेल. पोशाने वाकून दोर उचलला, पिवळ्या खुंट्याला दोन वेढे मारले आणि गाठ घातली. उलटा वेढा. बोट गपकन जागेवर थांबली.

फुलं उधळली गेली, भाषणं झाली, सगळे पाहुणे हॉटेलात जेवायला गेले. बोटीवरची माणसंही गेली. धक्का रिकामा झाला. पोशा खुंट्याजवळ खाली बसला, तोंड पाण्याकडे. सिक्युरिटीवाल्याने शिट्टी मारली. "चाचा, यहाँ बैठना मना है." पोशा हलला नाही.

मी जवळ गेले. "नाखवा, घरी नाही जायचं? ऊन किती आहे."

"मी बांदलाय, बाय."

मी सिक्युरिटीवाल्याला बाजूला घेऊन समजवायला लागले. काय सांगितलं ते आठवत नाही, पण माझा आवाज चढला होता आणि तो मॅडम मॅडम म्हणत मागे सरकला. फाटकापाशी जाऊन मी वळून बघितलं. पोशाने टॉवेल ओला करून डोक्यावर घेतला होता आणि एक हात गाठीवर ठेवला होता. हॉटेलात काचेमागे पानं वाढायला नुकती सुरुवात झाली होती.